बाहुलीने माझं ऐकलं नाही

माझी शाळा तिसरीपर्यंत. तीही पूर्ण नाही, धानकापणी लागली की बाप दप्तर खुंटीला टांगून ठेवत होता. म्हणून माझ्या लिहिण्यात चुका निघतील. रेघांच्या वहीत लिहून राहिलो. ओळ कुठून सुरू झाली ते डाव्या हाताच्या बोटानं धरून ठेवावं लागते, नाही तर पुढची ओळ मागच्या ओळीवर चढते.

हे लिहायला डॉक्टर म्याडमनं सांगितलं. त्या म्हणल्या, "बाबाजी, लोक माझ्याकडे येतात, डोळा असेपर्यंत खोटं बोलतात, गेल्यावर खरं बोलतात. तुम्ही तुमचं लिहा, कोणी तरी वाचून वेळेवर खरं बोलेल." मी हो म्हणलो. मग घरी येऊन पंधरा दिवस वही कोरीच ठेवली. आजार लिहायचा तर मी केलेलं लिहावं लागते, अन् ते लिहायची लाज वाटत होती. अजूनही वाटून राहिली.

पास झालो

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. गावात डोळ्याचं शिबिर आलं होतं. मी तपासायला गेलो नव्हतो. समाजमंदिरासमोरून चाललो होतो, तिथल्या एका पोरीनं हात धरून बसवलं. डोळ्याला काही तरी लावलं अन् म्हणली, "आजोबा, डोळ्यात प्रेशर जास्त आहे. काचबिंदू असू शकतो. गोंदियाला दाखवा."

मोतीबिंदू मला ठाऊक होता. तो पिकतो, काढतात, चार दिवस काळा चष्मा लावून मिरवायचं. काचबिंदू त्याचाच भाऊ असंल असं मी समजलो. भाऊबिऊ काही नाही तो. मोतीबिंदूनं गेलेलं परत येते. काचबिंदूनं गेलेलं येत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं खात येतो अन् समोरचं शेवटी खातो. म्हणून माणसाला वाटते, मला तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येते, मला काय झालं?

माझा मुलगा दिलीप राईस मिलमध्ये कामाला आहे. त्यानं एक दिवस सुट्टी काढली अन् मला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक मशीन होती. पांढरंशुभ्र मोठं गंगाळ आडवं केल्यासारखी. त्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा. मध्ये एक पिवळा ठिपका, त्याच्याकडेच पाहायचं. बाजूला कुठं बारीक बत्ती चमकली की हातातलं बटन दाबायचं.

मशीनवाला पोरगा म्हणला, "दादाजी, बीच में ही देखना। बत्ती दिखे तो बटन दबाना। इधर-उधर नहीं देखना।"

माझ्या आधी माझ्याच वयाची एक म्हातारी आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा त्या पोरानं तिच्या घरच्यांना बाकड्यावरच्या सगळ्यांसमोर सांगितलं, "अम्मा को एक बाजू का दिखता ही नहीं है।" सगळे तिच्याकडे पाहायला लागले. बाजारात म्हातारा बैल पाहतात तसं. तिचा मुलगा तिला म्हणला, "मंग इतके दिवस सांगितली काऊन नाहीस?" ती पदराचं टोक चावत उभी राहिली. मी मनात म्हणलो, माझ्याकडे असं कोणी पाहणार नाही.

उजवा डोळा झाला. मग डावा. ठिपक्याकडे पाहून राहिलो. बत्ती येईना. पण बत्ती यायच्या आधी ती मशीन आतून बारीक आवाज करत होती. टक्. थांबली की परत टक्.

मी पंचेचाळीस वर्षं दंडारीत ढोलकी वाजवली आहे. धान निघालं, मंडईची जत्रा भरली की आमच्याकडे दंडार होते, म्हणजे नाच-गाण्याचं सोंग. नाचणारा चुकला तरी ढोलकी चुकत नाही, असं आमच्या गावाचं नाव होतं ते माझ्यामुळं. ढोलकीवाल्याला पाहावं लागत नाही. त्याचा कान पाहतो. चार-पाच टक् ऐकले अन् मला त्या मशीनचा ठेका समजला. टक् झालं की अर्ध्या मात्रेनं बटन दाबायचं. शेवटपर्यंत दाबत गेलो. एकही सोडला नाही. मला वाटलं, मी मशीनला हरवलं.

म्याडमनं कागद बराच वेळ पाहिला. म्हणल्या, "बाबाजी, रिपोर्ट चांगला दिसतो, पण मला याचा भरवसा नाही. बटन जरा जास्तच दाबलं तुम्ही. तीन महिन्यांनी परत करू. तोपर्यंत हा थेंब रोज टाकायचा. एक दिवसही सोडायचा नाही."

दिलीप खाली गाडी काढायला गेला होता. मी खाली आल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणली म्याडम?"

मी म्हणलो, "पास झालो."

बाकीचं सांगितलं नाही. थेंबाची एक शिशी संपली, दुसरी मी आणायला लावली नाही. दिलीपला वाटलं, शिशी संपली म्हणजे दवाई संपली. तीन महिन्यांनी कोणी गोंदियाचं नाव काढलं नाही, अन् ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला.

गुंड

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला चार दिवस लागले.

वनिता माझी सून. दिलीपची बायको. माझी बायको वारली तेव्हापासून घर तीच पाहते. माहेर सालेकशाकडचं. बोलणं कमी, काम जास्त. मला मामाजी म्हणते.

पाऊस लागायच्या आधी आम्ही घरच्यापुरता धान उकडून ठेवतो. अंगणात कडेला तीन दगडांची चूल, तिच्यावर मोठा गुंड, म्हणजे धान उकडायचं भांडं. ती चूल माझ्या लग्नापासून त्याच जागी आहे. त्या दिवशी सकाळी वनितानं गुंड उतरवून चुलीजवळ ठेवला होता अन् बाजूला बसून पाणी गाळायला टोपली पाहत होती. मी बाहेरून आलो. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, डोळ्यावर ऊन नाही. फाटकातून आत शिरलो, सरळ चाललो असं मला वाटलं. डावा गुडघा गुंडाला लागला. गुंड कलंडला. उकळतं पाणी वनिताच्या उजव्या पायावर गेलं, घोट्यापासून बोटांपर्यंत.

माझ्या धोतरावर चार शिंतोडे उडाले.

ती ओरडली नाही. "आई वो" एवढंच म्हणली अन् पाय धरून बसली. अन् मी काय बोललो? मी म्हणलो, "रस्त्यात ठेवते का गुंड? डोरे फुटले का तुहे?"

असं मी बोललो. मला डावीकडचं दिसत नाही हे मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. फाटकाच्या खांबाला खांदा लागत होता. डावीकडून कोणी आलं की भूत निघाल्यासारखा दचकत होतो. तरी तोंडातून तेच निघालं, अन् एकदा निघाल्यावर मी ते धरून ठेवलं. शेजारचे धावत आले, त्यांना तेच सांगितलं. दिलीप आला, त्याला तेच सांगितलं. चार दिवसांत गावभर झालं की दिलीपची बायको बिनाध्यानाची आहे, भर रस्त्यात उकळता गुंड ठेवते.

आठव्या दिवशी तिचा बाप आला. माझा इवाई. सोबत पिशवीत कोरफडीची पानं घेऊन आला होता पोरीच्या पायाला लावायला. ओसरीवर गावातले चार-पाच जण बसलेले. त्यांच्यासमोर मी त्याला म्हणलो, "तुमच्या पोरीले ध्यान नाही, इवाई. तिथं लेकरू असतं तं मेलं असतं."

त्यानं एकदा अंगणाकडे पाहिलं. मग हात जोडले. "चुकलं, इवाई. समजावतो मी तिले." अन् सगळ्यांसमोर पोरीला म्हणला, "बाई, ध्यान देत जा."

वनिता दाराला टेकून उभी होती, जळका पाय उचलून. खाली पाहत म्हणली, "हो, बाबा."

मला त्या दिवशी बरं वाटलं. माझी बाजू पक्की झाली असं वाटलं.

पुढं रोवणा, म्हणजे धानाची लावणी लागली. पायाची कातडी अजून कच्ची होती. ती पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून बांधीत उतरायची, चिखल आत गेला की शेताच्या कडेला धुऱ्यावर येऊन बसायची. रोवणाऱ्या बायांना ऐकू जाईल असं मी म्हणलो, "पाय कवाचा भरला. सोंग हाये." बाया हसल्या. ती उठून परत चिखलात उतरली.

बटन नाही

फाल्गुनात मी एका आठवड्यात दोनदा धुऱ्यावरून खाली पडलो. ज्या धुऱ्यावरून सत्तर वर्षं चाललो त्यावरून. दुसऱ्या वेळी भुवई फुटली. दिलीपला सुट्टी नव्हती. वनिता म्हणली, "मी नेते मामाजीले." आम्ही एसटीनं गोंदियाला गेलो.

तीच म्याडम, तीच मशीन, पोरगा वेगळा. मी तेच केलं. टक्, बटन. टक्, बटन. वर्षभरात माझा हात काही विसरला नव्हता.

या वेळी म्याडमनं मला अन् वनिताला दोघांनाही आत बोलावलं. कागद टेबलावर ठेवला. म्हणल्या, "बाबाजी, ही मशीन हुशार आहे. मध्ये मध्ये ती नुसता आवाज करते, बत्ती लावतच नाही. कोण बत्तीवर दाबते अन् कोण आवाजावर, ते तिला समजते. तुम्ही बत्ती नसतानाही प्रत्येक वेळी दाबलं."

मी म्हणलो, "मशीन बिघडली असंल."

"असेल," म्याडम म्हणल्या. "मग मशीन राहू द्या. बटन नाही, काही सांगायचं नाही. फक्त समोर भिंतीकडे पाहा."

त्यांनी खोलीतली बत्ती मालवली. दाराच्या फटीतून यायचा तेवढा उजेड. पेनासारखी बॅटरी घेतली. उजव्या डोळ्यावर उजेड पाडला, थोडं थांबल्या, झटकन डाव्यावर नेला, थांबल्या, परत उजव्यावर. असं चार-पाच वेळा. मी ताठ बसून होतो.

मग त्या वनिताला म्हणल्या, "ताई, इकडे या. बाबाजींच्या डोळ्यात मधोमध काळी बाहुली आहे ना, तिच्याकडे पाहा. उजेड पडला की ती लहान व्हायला पाहिजे."

वनिता वाकली. म्याडमनं उजव्यावर उजेड टाकला.

"बारीक झाली," वनिता म्हणली.

डाव्यावर नेला.

वनिता आणखी खाली वाकली.

"काय झालं, सांगा."

"मोठी होऊन राहिली," ती हळू म्हणली. "उजेड पडून राहिला तरी मोठी होऊन राहिली."

म्याडमनं समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. उजेड आत गेला की डोळा डोक्याला वर्दी देतो, अन् डोकं दोन्ही बाहुल्यांना आवळायला सांगते. उजव्याची वर्दी पोचते, म्हणून दोन्ही आवळतात. उजेड डाव्यावर नेला की वर्दी नेणारी तारच खराब, म्हणून डोक्याला वाटते अंधार झाला, अन् बाहुल्या उघडतात. बॅटरी डोळ्यावर असताना.

मी म्हणलो, "परत करा."

परत केलं. मी दात आवळले, पोट आवळलं, मनातल्या मनात बाहुलीला म्हणलो, बारीक हो. आयुष्यभर घरात, बैलांवर, दंडारीच्या पोरांवर माझा हुकूम चालला. वनिता तेच म्हणली, "मोठी झाली."

"अजून एकदा करा."

तिसऱ्यांदा म्याडमच म्हणल्या, "बाबाजी, ती तुमच्या हुकुमातली नाही." मग बत्ती लावली अन् विचारलं, "डावीकडचं कधीपासून दिसत नाही?"

वनिता माझ्या डाव्या बाजूला उभी होती. तिचं तोंड पाहायचं तर मला पूर्ण मान वळवावी लागली असती. मी वळवली नाही. तिला त्याच वेळी गुंड आठवला असंल. तिच्या बांगड्यांचा आवाजही आला नाही, इतकी ती थांबून गेली होती.

मी म्हणलो, "दीड-दोन वर्षं झाले असतील."

टक् टक्

म्याडमनं जेवून यायला सांगितलं अन् दुपारी परत मशीनवर बसवलं. "या वेळी फक्त दिसलं तरच," त्या म्हणल्या. "कमी दिसलं तर कोणी मारत नाही."

डावा डोळा. टक्. बत्ती नाही. टक्. नाही. टक्. नाही. अंगठा बटनावर होता, मी तो हलू दिला नाही. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं कठीण काम मी केलं नाही. प्रत्येक टक्ला कुठं तरी एक बत्ती लागून राहिली होती अन् मी तिथं आंधळा होतो. मधोमध दोन-चार दिसल्या तेवढ्या दाबल्या. मी रडलो, पण तोंड गंगाळात होतं, कोणाला दिसलं नाही.

कागद आला तो डाव्या डोळ्याचा जवळपास सगळाच काळा. मध्ये पैशाएवढी पांढरी जागा. उजव्यालाही नाकाकडच्या अंगानं काळं लागलं होतं. म्हणूनच डावीकडे दोन्ही डोळे मिळूनही काही दिसत नव्हतं.

मी विचारलं, "मागच्या वर्षी खरं बोललो असतो तं?"

म्याडम म्हणल्या, "डाव्यात बरंच वाचलं असतं. थेंब सोडले नसते तर आणखी." मग म्हणल्या, "उजवा अजून हातात आहे. पण प्रेशर नुसत्या थेंबानं उतरणार नाही. ऑपरेशन करू."

वनितानं त्याच वेळी पहिल्यांदा विचारलं, "थेंब सोडले म्हणजे?"

म्याडमनं माझ्याकडे पाहिलं. मग मला तेही सांगावं लागलं. पास झालो म्हणून सांगितलं होतं, तिथून सगळं.

तिनं पिशवीत सगळे कागद घडी करून ठेवले अन् म्हणली, "चला, एसटी सुटेल."

वॉर्ड

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं अन् त्यावर पट्टी बांधली. आता पाहायला डावा एकटा. पुंगळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. तुमच्यापैकी कोणाला हे ऑपरेशन सांगितलं असंल तर भिऊ नका, दुखत नाही फारसं. भ्यायचं ते पट्टीतल्या दिवसांना. जेवणाचं ताट कुठं संपते ते समजत नाही. संडासला जायला हात धरून न्यावं लागते. ज्या सुनेला मी डोळे फुटले का म्हणलो होतो, तिच्या हाताला धरून मी चार दिवस चाललो. पुरुषांच्या संडासाच्या दारापर्यंत ती आणायची, तोंड फिरवून उभी राहायची अन् मी हाक मारली की परत न्यायची. एकदाही तोंडातून वाकडा शब्द नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

बाजूच्या खाटेवर नवेगाव बांधच्या तळ्यावरचा एक म्हातारा मासेमार होता. दर दोन तासांनी नर्सबाई थेंब टाकायला यायची, तिला तो रोज तेच सांगायचा, "मले पान्यातली मासोळी दिसत नव्हती, बायको मात्र साफ दिसे. उलटं झालं असतं तं दवाखान्यात आलोच नसतो." सगळा वॉर्ड हसायचा. मीही हसलो. त्यानं मला विचारलं, "पोरगी हाये का ही तुमची?" मी म्हणलो, "सून." तो म्हणला, "नशीबवाले हा बापा." मी भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली होती. पाय लांब केले होते. माझ्या त्या पैशाएवढ्या जागेत नेमका तिचा उजवा पाय आला. आजूबाजूचं काही नाही, फक्त पाय. कातडी गुलाबी, ताणलेली, चकचकीत. करंगळी बाजूच्या बोटाला चिकटलेली. नऊ महिने ती माझ्या घरात त्या पायानं चालली अन् मी तो पाहिला नव्हता. आता डोळाभर तेवढंच दिसत होतं.

मी म्हणलो, "वनिता, गुंड रस्त्यात नव्हता."

तिनं पाय आखडला, साडीखाली घेतला.

"मले दिसला नाही," मी म्हणलो. "माही चूक होती. रोवन्यातही मी खोटं बोललो."

मग ती म्हणली, "मले नोका सांगू, मामाजी. मले तं ठाऊकच होतं, मी तिथंच बसली होती. माह्या बाबाले सांगा. त्यायनं हात जोडले होते."

आधी हे ऐका

माझ्यासारखे हट्टी लोक हे वाचत असतील तर थोडं सांगून ठेवतो. बटन दाबायची परीक्षा नसते. तिथं पास-नापास नाही. कमी दाबलं म्हणून कोणी बैलासारखं पाहत असंल तर पाहू द्या, ते एक दिवस पाहतील. आता म्हणे अशा मशीनी निघून राहिल्या की बटनच नाही. चारी बाजूंनी बत्ती लावते अन् कॅमेरा नुसती बाहुली पाहते, आवळली की नाही. आमच्यासारख्या खोटारड्यांसाठी चांगलं आहे ते. पण ती मशीन तुमच्या गावाजवळ येईपर्यंत खरं तुम्हालाच बोलावं लागंल.

थेंब सोडू नका. दुखत नाही म्हणून सोडावंसं वाटते, तेव्हा तर नकाच सोडू. अन् घरात कोणी सारखं ठेचकाळत असंल, भांडी पाडत असंल, दुसऱ्यावर चिडत असंल, तर त्याच्याशी भांडू नका. बाजूला बोट धरा अन् विचारा, दिसते का.

सालेकसा

पट्टी सुटल्यावर महिन्याभरानं मी दिलीपला म्हणलो, सालेकशाला जायचं आहे. तो म्हणला, कायले? मी म्हणलो, वनिताले विचार. तिनं त्याला काय सांगितलं मला ठाऊक नाही. त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वनिता तयार होऊन उभी होती. "एकटे कसे जाल, फलाटावरून पडाल," एवढंच म्हणली. गोंदियाहून आम्ही गाडीनं गेलो.

स्टेशनापासून तिचं गाव दीड कोस. ती माझ्या डाव्या हाताला चालली. वाटेत मी दोनदा थांबलो, दम लागला म्हणून सांगितलं. दम लागला नव्हता.

इवायाच्या अंगणात मोहा वाळत घातला होता. पायरीपर्यंत पसरलेला. तो आतून आला. आम्हाला पाहिलं, पोरीच्या पायाकडे पाहिलं. इवाई आला की आमच्याकडे पहिले पाय धुवायला पाणी येते, खाट टाकतात, मग बोलणं. पाणी आलं नाही, खाटही आली नाही. मी मोह्याच्या कडेला उभा राहिलो.

"काय काम काढले?" त्यानं विचारलं. इवाई म्हणला नाही.

मी म्हणलो, "तुमच्या शेजारचे चार लोक बोलवा. मी चार लोकांसमोर बोललो होतो."

"लोक कायले? बोला."

मी बोललो. सगळं. मशीन, थेंब, गुंड, रोवणा. मध्ये मध्ये थांबलो तरी त्यानं मदत केली नाही. संपल्यावर मी हात जोडले. तो जोडलेल्या हातांकडे पाहत राहिला, खाली करा म्हणला नाही.

मग म्हणला, "मले ठाऊक होतं."

मी म्हणलो, "वनितानं सांगितलं?"

"तिनं काई नाही सांगितलं. मी तुमचं अंगन पायलो ना त्या दिवशी. चूल कडेले, रस्ता मधून. पानी तिथंच सांडलं होतं, मातीवर डाग होता. अन् मी पानी पिऊन पेला तुमाले वापस देलो, तं तुमी पेला सोडून बाजूलेच हात घातले. मंग समजलो मी, यायले दिसत नाही."

"मंग तव्हा काऊन नाई बोलले?"

तो खाली बसला, मोहा हातानं परतवायला लागला. "पोरगी तुमच्या घरी नांदायची होती. चार लोकांत मी तुमाले आंधरा म्हणलो असतो, तं तुमी तिले सुखानं राहू देले असते का?"

नाही, हेच उत्तर होतं. ते त्याला ठाऊक होतं अन् मलाही. माझे जोडलेले हात कुठं ठेवावे ते मला समजेना.

त्यानं पोरीला विचारलं, "बाई, पाय कसा हाये?"

"चालते, बाबा."

"खरं सांग."

वनितानं माझ्याकडे पाहिलं नाही. "थंडीत ओढते. चिखलात आग होते. करंगळी हलत नाही."

"बरं," तो म्हणला. परत म्हणला, "बरं." त्यानं दोन्ही हातांनी मोहा बाजूला सारला, मधून वाट केली. मग आत गेला, खाट ओढत आणली अन् त्या वाटेच्या शेवटी, सावलीत टाकली.

"बसा, इवाई," तो म्हणला. "पानी आनतो."